एम्बामिंग करायचं ठरलं तर: पहिल्या तासापासून पेटी सील होईपर्यंत

पुण्यात एम्बामिंगसाठी, म्हणजे मृतदेह टिकावा म्हणून त्यात रसायनाचं द्रव सोडण्याच्या कामासाठी, जे फोन येतात त्यात पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती दिवस टिकेल?" त्याआधी विचारायला हवेत असे चार प्रश्न राहून जातात. पोलिसांचा संबंध आहे का, नेत्रदान करायचं आहे का, मृतदेह आतापर्यंत कुठे आणि कसा ठेवला होता, आणि पुढे न्यायचा कुठे आहे? या चारांची उत्तरं उशिरा मिळाली की मग चेहरा सुजला, पाय काळे पडले, विमान कंपनीने पेटी परत पाठवली, अशा तक्रारी येतात. दोष रसायनावर जातो, पण बिघाड आधीच्या क्रमात झालेला असतो.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. एम्बामिंगचं द्रव शरीरभर पोचतं ते रक्तवाहिन्यांमधून. जिथे रक्तवाहिनी मोकळी आहे तिथे ते जातं. जिथे गुठळी आहे, बर्फ झालाय, चीर गेलीय किंवा सडायला सुरुवात झालीय तिथे ते पोचत नाही. कितीही भारी मिश्रण आणा, वाटच बंद असेल तर त्याचा उपयोग नाही.

हा लेख नातेवाइकांसाठी आहे. प्रत्यक्ष एम्बामिंग घरी करायची गोष्ट नाही. औषधांच्या दुकानातून फॉर्मलिन (एम्बामिंगमधलं मुख्य रसायन) आणून कापसाने लावण्याचे प्रकार होतात, ते तर अजिबात करू नका. कातडीला लावलेलं फॉर्मलिन आतड्यापर्यंत पोचत नाही आणि सडण्याची खरी सुरुवात तिथेच होते.

टप्पा १: एम्बामिंगची गरज आहे का, ते ठरवा

अंत्यविधी चोवीस तासांच्या आत होणार असेल तर एम्बामिंग नको. घरी शीतशवपेटी पुरते. पुण्यात बऱ्याच गणेश मंडळांकडे आणि सामाजिक संस्थांकडे ती मिळते.

दोन-तीन दिवस थांबायचं असेल आणि मृतदेह शहरातच राहणार असेल तर रुग्णालयाच्या शवागारातलं साधारण ४ अंश सेल्सिअस तापमान बहुतेक वेळा पुरतं.

विमानाने न्यायचा असेल, परदेशी पाठवायचा असेल, किंवा लांबचा रस्ता उन्हातून कापायचा असेल तर एम्बामिंग लागतं. विमान कंपन्या त्याचा दाखला मागतातच.

देहदान करायचं असेल तर बाहेरून एम्बामिंग करून घेऊ नका. वैद्यकीय महाविद्यालय ते स्वतःच्या पद्धतीने करतं. अभ्यासासाठी वर्षानुवर्षं ठेवायच्या देहाचं मिश्रण वेगळं असतं आणि दर्शनासाठी चार दिवस ठेवायच्या देहाचं वेगळं. तुम्ही बाहेर करून आणलेला देह विभाग बहुधा नाकारेल. शवविच्छेदन झालेला देहही देहदानासाठी सहसा घेत नाहीत.

> तपासा: "सगळ्यांना दर्शन घेता यावं" एवढंच कारण असेल तर थंड ठेवणं आधी, एम्बामिंग नंतर. उगाच केलेल्या एम्बामिंगने चेहऱ्याचा रंग बदलतो. तो बदल मग परत फिरवता येत नाही.

टप्पा २: पहिले सहा तास, आणि त्यातला क्रम

२.१ डॉक्टरांचा दाखला. मृत्यू रुग्णालयात झाला असेल तर मृत्यूच्या कारणाचा वैद्यकीय दाखला नमुना ४ मध्ये तिथूनच मिळतो. घरी झाला असेल तर आधीपासून उपचार करणाऱ्या डॉक्टरांना बोलवा. ते नमुना ४-अ देतात. शेजारच्या सोसायटीतले ओळखीचे डॉक्टर "देतो की" म्हणाले तरी, त्यांनी रुग्णाला कधी तपासलंच नसेल तर तो कागद पुढे अडतो. महापालिकेत मृत्यूची नोंद २१ दिवसांत करायची असते, पण एम्बामिंग करणारे आणि विमान कंपनी कारणाचा दाखला लगेच मागतात.

२.२ पोलिसांचा संबंध आहे का? अपघात, पडणं, भाजणं, विषबाधा, आत्महत्या, रुग्णालयात आणतानाच झालेला मृत्यू, कारण न कळलेला मृत्यू: यापैकी काहीही असेल तर आधी पोलीस, मग पंचनामा, मग गरज असेल तर शवविच्छेदन. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ नुसार ही चौकशी होते. ती पूर्ण होऊन ना हरकत हातात येईपर्यंत शरीरात थेंबभरही रसायन जाता कामा नये.

हा नुसता कागदी आग्रह नाही. एम्बामिंगच्या द्रवात मिथेनॉल किंवा स्पिरिट असतं, त्यामुळे नंतर रक्तातलं अल्कोहोल मोजण्यात अर्थ उरत नाही. फॉर्मलिनमधल्या फॉर्माल्डिहाइडमुळे सायनाइडसारख्या विषाचा माग पुसला जातो. म्हणजे घाईघाईने केलेलं एम्बामिंग पुरावा नष्ट करू शकतं. मुद्दाम केलं असं ठरलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम २३८ लागतं.

२.३ नेत्रदान. यासाठी साधारण सहा तासांची मुदत असते. नेत्रपेढीला फोन लावा आणि पथक येईपर्यंत पापण्या बंद करून त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या, पंखा बंद करा. ए.सी. चालू राहू द्या. नेत्रपटल आधी, एम्बामिंग नंतर. एकदा फॉर्मलिन डोळ्यात पोचलं की ते नेत्रपटल कुणाच्या उपयोगाचं राहत नाही.

> थांबा: पोलिसांची परवानगी किंवा नेत्रदान यापैकी काहीही बाकी असेल आणि कुणी "मी तोवर इंजेक्शन मारून ठेवतो" म्हणालं, तर त्याला दारातूनच परत पाठवा.

टप्पा ३: एम्बामिंग सुरू होईपर्यंत मृतदेह कसा ठेवायचा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि त्या सगळ्या प्रेमापोटी होतात.

डोकं वर. मृत्यूनंतर रक्त खाली ओढलं जातं आणि खालच्या भागावर जांभळट डाग पडतात. देह पालथा किंवा डोकं खाली असा राहिला तर हे डाग चेहऱ्यावर येतात आणि नंतर धुऊन जात नाहीत. उताणं ठेवा, उशी द्या. नेत्रदानासाठीही हीच स्थिती लागते.

हातपाय सरळ, जबडा बंद. ताठरता एक-दोन तासांत जबड्यापासून सुरू होते. आपल्या हवेत साधारण बारा तासांत ती सगळीकडे पसरते, पुढचे बारा तास टिकते आणि त्यानंतरच्या बारा तासांत उतरते. सगळं सरळ करायचं ते सुरुवातीलाच. हनुवटीखालून मऊ कापड बांधा, पायाचे अंगठे एकत्र बांधा. मांजरपाटाची पट्टी ठीक, सुतळी नको. तिचा वळ पडतो आणि एम्बामिंगनंतर तो वळ तसाच राहतो.

गरम पाण्याची आंघोळ नको. तापमान दहा अंशांनी वाढलं की कुजण्याच्या क्रिया ढोबळमानाने दुप्पट वेगाने होतात. एप्रिल-मेमध्ये पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो, त्यात वरून गरम पाणी म्हणजे हाताने नुकसान. आंघोळ घालायचीच असेल तर गार पाण्याने, आणि आत्ताच घाला. एम्बामिंगनंतर टाके असतात, तेव्हा फक्त पुसता येतं.

तुळशीपत्र आणि गंगाजल आत्ताच. एम्बामिंगच्या वेळी तोंड कायमचं मिटवतात, काही ठिकाणी आतून टाका घालतात. नंतर "एक थेंब घालू द्या" म्हणून ओठ उघडायला गेलं की जे होतं ते बघवत नाही.

दागिने काढून ठेवा. बोटं नंतर सुजतात आणि कडक होतात, अंगठी निघत नाही. पाकिटात घाला, यादी करा, घरातल्या एकाच माणसाच्या ताब्यात द्या.

बर्फ कुठे? शीतशवपेटी मिळेपर्यंत बर्फाच्या पिशव्या पोटावर आणि कमरेच्या दोन्ही बाजूंना ठेवा. पहिली हिरवट छटा उजव्या बाजूला, बेंबीच्या खाली उमटते, कारण मोठ्या आतड्याची सुरुवात तिथे असते आणि जिवाणू तिथे भरपूर असतात. उन्हाळ्यात ती बारा ते अठरा तासांत दिसू शकते. बर्फाच्या लादीवर थेट निजवू नका. वितळलेल्या पाण्यात कातडी भिजून सुटते. अध्येमध्ये प्लॅस्टिक आणि चादर हवी.

गोठवू नका. शीतशवपेटीचा काटा शून्याच्या खाली गेला की पेशींमध्ये आणि रक्तवाहिन्यांमध्ये बर्फाचे स्फटिक होतात. भिंती फुटतात आणि मग द्रव सोडलं की ते वाटेतच गळतं. एम्बामिंग करायचं नक्की असेल तर पेटी २ ते ६ अंशांच्या दरम्यान ठेवा. प्रत्येक पाहुण्यासाठी झाकण उघडू नका, वरची काच त्यासाठीच असते. पावसाळ्यात वीज जाण्याचा अंदाज धरून सोसायटीच्या जनरेटरवर जोडणी मिळेल का, तेही आधीच विचारून ठेवा.

> तपासा: मृत्यूची वेळ, थंडीत ठेवल्याची वेळ आणि पेटीचं तापमान एका कागदावर लिहा. एम्बामिंग करणारे हे तिन्ही विचारतील. घरात त्या वेळी तीन लोक तीन उत्तरं देतात.

टप्पा ४: मिश्रणात काय असतं आणि कोण काय करतं

हे समजून घ्यायचं ते हटकून पडणाऱ्या प्रश्नांसाठी. एका माणसाने वाचलं तरी पुरे.

फॉर्मलिन हा कणा. बाजारातलं फॉर्मलिन म्हणजे फॉर्माल्डिहाइड वायूचं पाण्यातलं ३७ ते ४० टक्क्यांचं द्रावण. त्यात बहुधा १० ते १५ टक्के मिथेनॉल असतं, नाहीतर फॉर्माल्डिहाइड स्वतःशीच जोडलं जाऊन पांढरा गाळ बसतो. शिकाऊ माणसाची नेहमीची चूक इथे होते: "१० टक्के फॉर्मलिन" म्हणजे १० टक्के फॉर्माल्डिहाइड नव्हे, जेमतेम ४ टक्के. दहा लिटर मिश्रणात दीड लिटर फॉर्मलिन घातलं तर प्रत्यक्ष फॉर्माल्डिहाइड साडेपाच ते सहा टक्के भरतं, आणि प्रवासासाठीच्या देहाला साधारण एवढ्या ताकदीचं मिश्रण वापरतात.

ते करतं काय? मृत्यूनंतर पेशींमधली विकरं (एन्झाइम) स्वतःच्याच पेशी पचवायला लागतात आणि आतड्यातले जिवाणू बाहेर पडून बाकीचं काम करतात. फॉर्माल्डिहाइड प्रथिनांच्या साखळ्यांना, विशेषतः त्यांच्यावरच्या अमिनो गटांना पकडतं आणि शेजारशेजारच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतं. मऊ जाळं घट्ट होतं, अंड्याचा पांढरा भाग उकडल्यावर होतो तसं, फक्त उष्णतेशिवाय. विकरंही प्रथिनंच, त्यामुळे तीही निकामी होतात. जिवाणू मरतात आणि जे उरतात त्यांना खायला सोपं काही राहत नाही. पण बांधले जाऊ शकतात ते पूल शाबूत प्रथिनांमध्ये. सडून सुटं झालेलं ऊतक (पेशींचं जाळं) फॉर्मलिन पुन्हा उभं करत नाही. "दोन दिवस उशीर झाला, जरा जास्त औषध घाला" या मागणीत तथ्य नाही ते यामुळे.

उलट, जास्त घातलं तर नुकसान होतं. फार कडक द्रव आत शिरताच बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती आकसून कडक होतात आणि पुढची वाट बंद होते. चेहरा राखाडी, बोटं सुकलेली आणि मांडीच्या आतला भाग कोरडाच. "कडक म्हणजे टिकाऊ" हा समज काही जुन्या हातांमध्येही आहे. तो खोटा आहे.

मिथेनॉल किंवा स्पिरिट जंतू मारतं आणि द्रवाला ऊतकात शिरायला मदत करतं. फिनॉल जिवाणूंवर आणि विशेषतः बुरशीवर चालतं. पुण्याच्या जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत देह चार-पाच दिवसांपेक्षा जास्त राहणार असेल तर फिनॉल महत्त्वाचं. मात्र ते कातडी जाळतं, आणि सुरुवातीला बधिर करत असल्याने जळलेलं लगेच कळत नाही. ग्लिसरीन ओलावा धरून ठेवतं; ते नसेल तर नाकाचा शेंडा, ओठ, बोटांची टोकं काळपट होऊन आवळतात. सोडियम सायट्रेट कॅल्शियम बांधून रक्त गोठू देत नाही, म्हणजे वाट मोकळी ठेवतं. झालेल्या जुन्या गुठळ्या मात्र विरघळवत नाही. बोरॅक्स आम्लता सांभाळतं. इओसिन हा गुलाबी रंग, फॉर्मलिनने येणारी राखाडी छटा झाकायला. विंटरग्रीनचं तेल वासासाठी. काही ठिकाणी ग्लुटाराल्डिहाइड वापरतात. ते प्रथिनांना फॉर्माल्डिहाइडपेक्षा जलद बांधतं.

> थांबा: फॉर्माल्डिहाइडला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवलं आहे. डोळे चुरचुरायला लागले तर तो हवा बदलण्याचा इशारा समजा. "जवळ बसतो" म्हणून एम्बामिंगच्या खोलीत कुणीही थांबायचं नाही. दम्याचा रुग्ण, गरोदर बाई आणि लहान मुलं यांनी तर नाहीच.

टप्पा ५: फोनवर काय सांगायचं

पुण्यात हे काम मुख्यतः वैद्यकीय महाविद्यालयांचे शरीररचनाशास्त्र विभाग आणि काही खासगी सेवा करतात. आधी फोन करा, थेट गाडी घेऊन दारात जाऊ नका. सुट्टीच्या दिवशी आणि रात्री सेवा मिळेलच असं धरून चालू नका. दाखल्यावर सही कुणाची असेल हे विचारा: पात्र डॉक्टरची सही नसेल तर तो कागद विमानतळावर चालणार नाही.

मग पुढच्या गोष्टी न विचारता सांगा, कारण प्रत्येकीने मिश्रण किंवा पद्धत बदलते.

कावीळ होती का? फॉर्माल्डिहाइडमुळे पिवळं बिलिरुबिन हिरव्या बिलिव्हर्डिनमध्ये बदलतं आणि चेहरा हिरवट दिसतो. आधी सांगितलं तर फॉर्माल्डिहाइडचा जोर कमी ठेवून वेगळं मिश्रण करता येतं. न सांगता झालं तर घरचे "सडला, सडला" म्हणून गोंधळ घालतात, आणि देह प्रत्यक्षात व्यवस्थित असतो.

मूत्रपिंडं निकामी होती का, डायलिसिस चालू होतं का? रक्तात साठलेला युरिया आणि त्यातून होणारा अमोनिया फॉर्माल्डिहाइड शोषून घेतो. नेहमीचं प्रमाण अपुरं पडतं.

अंगावर सूज? सुजेतलं पाणी द्रव पातळ करतं.

मधुमेह, पायाच्या रक्तवाहिन्यांचा आजार? पावलांपर्यंत द्रव वरून पोचणार नाही, तिथे वेगळं टोचावं लागेल.

क्षय, कावीळ बी किंवा सी, एचआयव्ही? लपवू नका. काम करणाऱ्याच्या हातात धारदार हत्यार असतं.

पेसमेकर आहे का? त्याचं कारण शेवटच्या टप्प्यात येईल.

शवविच्छेदन झालं आहे का? झालं असेल तर मुख्य वाहिन्या कापलेल्या असतात आणि एका ठिकाणाहून सोडलेलं द्रव पोकळीत सांडतं. मग मान, काखा आणि जांघा अशा सहा ठिकाणांहून वेगवेगळं सोडावं लागतं आणि आतले अवयव फॉर्मलिनमध्ये भिजवून परत ठेवावे लागतात. वेळ जवळजवळ दुप्पट धरा.

टप्पा ६: आत काय चालतं, कोणत्या क्रमाने

१. देह जंतुनाशकाने धुतात. ताठरता असेल तर सांधे हळूहळू हलवून, चोळून सैल करतात. हे न करता द्रव सोडलं तर ताठ स्नायूंनी दाबलेल्या वाहिन्यांमध्ये ते जात नाही.

२. डोळे, तोंड आणि हात हव्या त्या स्थितीत ठेवतात. हात छातीवर हवे की बाजूला, हे तुम्ही या क्षणाआधी सांगायला हवं. नंतर ते हलत नाहीत.

३. मांडीच्या वरच्या भागात किंवा मानेत छोटी चीर देऊन धमनी उघडतात आणि नळी बसवतात. मानेत केलं तर शेजारच्या शिरेतून रक्त काढून टाकणं सोपं जातं. आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी मांडीतून करतात आणि रक्त काढत नाहीत. त्यामुळे चेहऱ्यावर थोडी सूज येऊ शकते. दर्शन महत्त्वाचं असेल तर "रक्त काढणार का?" हे जरूर विचारा.

४. द्रव पंपाने किंवा उंचावर टांगलेल्या टाकीतून सोडतात. टाकी सहा फुटांवर असेल तर दाब जेमतेम अडीच पौंड प्रति चौरस इंच येतो. दिसायला हे काम रटाळ, पण सुरक्षित. पंपाचा दाब चढवून अर्ध्या तासात उरकणाऱ्यापेक्षा दोन-चार तास टाकी लावून बसणारा परवडला. प्रौढ देहाला साधारण आठ ते दहा लिटर द्रव लागतं.

५. द्रव पोचतंय याच्या खुणा बघतात: हातापायाच्या वरवरच्या शिरा फुगतात, कानाच्या पाळीला आणि नखांखाली गुलाबी छटा येते, पोटऱ्या आणि बोटं घट्ट लागतात. जिथे खूण दिसत नाही तिथे सुईने वेगळं टोचतात.

६. मग छाती-पोटाच्या पोकळ्या. आतड्यात आणि पोटात अडकलेलं द्रव आणि वायू जाड पोकळ सुईने ओढून घेतात आणि तिथे कडक फॉर्मलिन सोडतात. घाईत ही पायरी गाळली जाते, आणि तिसऱ्या दिवशी पोट फुगतं, नाकातोंडातून पाणी येतं ते यानेच.

७. चीर शिवतात, नाक-घशात कापूस भरतात, ओठ आणि पापण्यांना व्हॅसलीन लावतात.

> थांबा: द्रव आत गेलं म्हणजे काम संपलं नाही. प्रथिनं बांधली जायला तास लागतात. फॉर्मलिन ऊतकात झिरपतं ते ढोबळमानाने तासाला एक मिलिमीटर या चालीने, आणि खोलवर जाताना आणखी हळू. संपल्या संपल्या लगेच बर्फात घालू नका, थंडीत ही क्रिया मंदावते. काही तास साध्या, हवेशीर, गार खोलीत राहू द्या.

टप्पा ७: ताब्यात घेण्यापूर्वी

घरातला एक खंबीर माणूस आत पाठवा. रडणाऱ्याला पाठवू नका. त्याने मांडी, दंड आणि पोटरी हातमोजा घालून दाबून पाहावी. दोन्ही बाजू सारख्या घट्ट लागल्या पाहिजेत. पोट मऊ आणि फुगीर असेल तर पोकळीचं काम झालं का, ते स्पष्ट विचारावं. टाक्यातून काही झिरपतंय का, नाकातला कापूस ओला होतोय का, पाठीखालची चादर कोरडी आहे का, बोटं आणि पावलं कोरडी-काळपट आहेत का, हे पाहावं. उजव्या ओटीपोटावरची हिरवी छटा आधी होती तेवढीच असेल तर घाबरू नका, पसरली असेल तर लगेच सांगा. दुरुस्ती करायची ती आत्ता, लोहगावच्या विमानतळावर पोचल्यावर ती होत नाही.

कपड्यांचाही विचार आधी करा. हात कडक झाल्यावर सदरा नेहमीसारखा घालता येत नाही. तो पाठीमागून उभा कापून पुढून चढवतात. साडी अंगावर पसरून खोचता येते. पॉलिएस्टरपेक्षा सुती बरं, ओल लागली तर टिपते.

टप्पा ८: कागद आणि पेटी

विमानासाठी मूळ प्रती आणि प्रत्येकी चार-पाच झेरॉक्स ठेवा: मृत्यूच्या कारणाचा दाखला किंवा महापालिकेचा मृत्यू दाखला, एम्बामिंगचा दाखला, पेटी सील केल्याचा दाखला, पोलिसांचं ना हरकत, सोबत जाणाऱ्याचं ओळखपत्र. परदेशी न्यायचं असेल तर मृताचं पारपत्र, आणि मृत परदेशी नागरिक असेल तर त्या देशाच्या दूतावासाचं ना हरकत. सगळ्या कागदांवर नावाचं स्पेलिंग पारपत्राप्रमाणेच हवं. "दत्तात्रय" एका ठिकाणी आणि "दत्तात्रेय" दुसऱ्या ठिकाणी एवढ्यावर पेटी अडते.

परदेशाचं विमान बहुतेकदा मुंबईहून पकडावं लागतं. द्रुतगती मार्गावर घाटात गाडी तुंबली तर दोन तास जादा धरा. पेटी प्रवाशांच्या दारातून जात नाही, ती मालवाहतूक विभागात द्यायची असते आणि तिथे विमान सुटण्याच्या कितीतरी आधी पोचावं लागतं. नेमकी वेळ विमान कंपनीला विचारा.

पेटीला आतून जस्ताचा पत्रा, सांधे डाख दिलेले, हवाबंद. तळाशी ओल शोषणारा थर हवा. आणि एक फार होणारी चूक: घरचे शेवटच्या क्षणी पेटीत पूजेचं सामान ठेवतात. कापूर आणि काडेपेटी ज्वालाग्राही असतात, तपासणीत सापडले की सील फोडावं लागतं. फुलं, शाल, तुळशीची माळ चालते.

टप्पा ९: दर्शन आणि अंत्यविधी

पेटी उघडल्यावर वास येतो तो फॉर्मलिनचा. खिडक्या उघडून, पंखा लावून दहा-पंधरा मिनिटं थांबा आणि मग माणसं आत सोडा. गालाला गाल लावून रडू देऊ नका, पाया पडायला हरकत नाही. पडलेच तर हात धुवायला लावा. उदबत्त्यांचे पुडे पेटवून वास जात नाही, बंद खोलीत डोळे मात्र जास्त चुरचुरतात.

साध्या दर्शनासाठी केलेलं एम्बामिंग नीट झालं असेल तर गार खोलीत काही दिवस निभावतं. त्याला "आता काही होत नाही" म्हणून उन्हात मांडवाखाली दिवसभर ठेवू नका. नाकाजवळ ओल किंवा कातडीवर पांढरी बुरशी दिसली तर कोरड्या कापसाने टिपा आणि ज्यांनी काम केलं त्यांना कळवा. घरातलं डेटॉल, अत्तर किंवा पावडर लावू नका.

दफन असो की दहन, एम्बामिंगची अडचण येत नाही. मात्र पुण्याच्या वैकुंठ स्मशानभूमीत विद्युतदाहिनी किंवा गॅसदाहिनी घेणार असाल तर दोन गोष्टी आधी सांगा. जस्ताच्या पत्र्याची पेटी दाहिनीत जात नाही. देह बाहेर काढावा लागतो, त्यासाठी चार माणसं, हातमोजे आणि पत्रा कापायची कात्री सोबत ठेवा. आणि पेसमेकर: त्याची बॅटरी दाहिनीच्या उष्णतेत फुटते, भट्टीचं नुकसान होतं आणि जवळ उभ्या असलेल्या कामगाराला इजा होऊ शकते. तो एम्बामिंगच्या वेळीच काढून घ्यायला सांगा, आणि काढल्याचं दाखल्यावर लिहून घ्या.